चौदा फुटी होडी आणि देवबागचं मुख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातल्या चार गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्या, मित्रांनी मिळून १४ फुटी फायबरची होडी घेतली आहे. रुंदी साडेचार फूट, मागे १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. दोन वर्षं ती उजनीवर चालवली, काही झालं नाही. आता डिसेंबरात ती ट्रेलरवरून मालवणला आणायची, चौघांनी चार-पाच सागरी मैल बाहेर जायचं आणि सुरमईमागे लागायचं. तेवढ्यासाठी होडी पुरेशी मोठी आहे का?

चौघांसाठी नाही. दोघांसाठी, हवा बघून, सकाळी लवकर निघून उन्हं चढायच्या आत परत यायचं असेल, तर किनाऱ्यापासून मैल-दीड मैलापर्यंत चालेल. पण एवढंच सांगून थांबलो, तर पुढच्या वर्षी तुम्ही १८ फुटी घ्याल आणि तिच्यात सहा जण बसाल. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तीस वर्षं या किनाऱ्यावर होड्या हाकल्या आहेत, एक बुडवली आहे, आणि आता लोकांना गरवायला नेतो. होडी दिवसभराच्या सरासरी पाण्यासाठी घ्यायची नसते. त्या दिवशीचा सगळ्यात वाईट पाव तास येईल त्यासाठी घ्यायची असते, आणि तो पाव तास बहुतेक वेळा परतताना येतो.

आधी माप. सगळे लांबी विचारतात, कारण विकणारा लांबीवर किंमत सांगतो. मी होडी बघायला गेलो की आधी मागे जातो, इंजिन लावायच्या खाचेकडे. लहान दांड्याच्या इंजिनासाठी ही मागची फळी १५ इंचांची असते, लांब दांड्यासाठी २० इंचांची. तुमच्यासारख्या तळ्यासाठी बांधलेल्या होड्यांना बहुतेक वेळा १५ इंची फळी असते. तिच्यावर पन्नासेक किलोचं इंजिन, शेजारी चालवणारा, पायाशी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी, आणि पुढे जागा नाही म्हणून बर्फाचा खोकाही मागेच. आता त्या खाचेपासून पाण्यापर्यंत किती अंतर उरलं? मी अशा होड्यांवर पाच इंच मोजलेले आहेत. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, दोन फूट वर, रुबाबदार, आणि मागे पाच इंच. समुद्र आत येतो तो नाळेवरून क्वचित. तो मागून येतो.

दोन माणसं वाढली तर होडी सगळीकडून सारखी खाली बसेल असं धरलं, तर जेमतेम दीड इंचाचा फरक पडतो. त्यामुळे लोकांना वाटतं, चार काय आणि दोन काय. पण माणसं सारखी पसरून बसत नाहीत. मासा लागला की चौघेही एकाच बाजूला झुकतात, त्यातला एक जाळी घेऊन उभा राहतो आणि दुसरा मोबाईल घेऊन. होडीचा तोल मुख्यतः रुंदीवर असतो, आणि रुंदीचा परिणाम सरळ नाही, घनपटीत वाढतो. साडेचार फुटांऐवजी साडेपाच फूट रुंदी असती, तर त्याच लांबीची होडी आडवं व्हायला पावणेदोन-दोनपट जोर लागला असता. आपल्याकडची जुनी अरुंद होडी उलांडी लावून समुद्रात जायची ती याचसाठी. बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेलं ते एक लाकूड होडीला नसलेली रुंदी देतं.

त्यात पाणी आत आलं की हिशोब पार बदलतो. तुमच्या होडीत तळाशी तीन इंच पाणी साचलं, तर ते सव्वातीनशे लिटरच्या आसपास होतं. म्हणजे चार जादा माणसं. आणि ही माणसं अशी, की होडी जिकडे कलेल तिकडेच चारीच्या चारी धावतात. पहिल्या लाटेने होडी सहसा उलटत नाही. पहिली लाट ती भरते, दुसरी उलटवते. दोन्हींमध्ये पाच-सात सेकंद मिळतात.

आता उजनी. “दोन वर्षं काही झालं नाही” हे वाक्य मला आवडलं नाही, कारण माझ्या मते उजनी तुमच्या होडीला डिसेंबरातल्या मालवणपेक्षा वाईट असू शकते. धरणाचं पाणी म्हणजे शांत पाणी, हा समज पुण्या-मुंबईच्या लोकांत फार खोल बसलेला आहे. लाट किती उंच होईल हे वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतो आणि त्याला मोकळं पाणी किती लांब मिळतं, यावर ठरतं. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी पंचवीसच्या वर रुंद आहे. तो समुद्रच झाला, फक्त खारा नाही. उजनी अरुंद आहे, पण भीमेच्या वळणांत वारा लांबीला लागला की तिथेही दोन-दोन फुटांच्या लाटा उठतात. आणि या लाटा आखूड असतात. दोन-अडीच सेकंदांनी येणारी लाट, दोन माथ्यांमधलं अंतर फार तर आठ-दहा मीटर. तुमची होडी सव्वाचार मीटरची. म्हणजे होडीची नाळ एका उतारावर, मागचा भाग खळग्यात, आणि सावरायच्या आत पुढची लाट. समुद्रातली सात सेकंदांची तीन फुटी लाट सत्तर-पंचाहत्तर मीटर लांब असते. होडी तिच्यावर आरामात चढते आणि उतरते. नुसत्या उंचीला अर्थ नाही. दोन लाटांमधल्या अंतराबरोबर ती वाचायची.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी उजनीत वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून बाहेर आला, सहा जण गेले. ते लोक मासे पकडायला नव्हते निघाले, रोजच्यासारखे पलीकडे जात होते. वळवाचा वारा पावसाच्या आधी येतो. ढग अजून लांब आहे, ऊन आहे, आणि एकदम गार झोत अंगावर येतो. तो झोत हीच सूचना, आणि ती मिळते तेव्हा हातात फार तर पाच-दहा मिनिटं असतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उजनीच्या मध्यावर तुमच्या होडीने असूच नये. काठाकाठाने फिरा, चिलापी काय तिथेही मिळते. पाणी उतरलं की पळसदेवसारख्या ठिकाणी जुनी देवळं, भिंती, बाभळीची खोडं पाण्याखाली वीतभर असतात, तेवढं मात्र सांभाळा. पंखा तुटला की वाऱ्याकडे आडवी पडलेली होडी आणि तुम्ही.

समुद्राकडे येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्याकडचे चांगले दिवस, यात वाद नाही. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. तुम्ही सहाला निघाल तेव्हा पाणी काचेसारखं दिसेल. त्या काचेवर विश्वास ठेवू नका. वारा जमिनीवरून येतो, म्हणून किनाऱ्याजवळ त्याला लाट उठवायला जागाच मिळत नाही. जसजसे बाहेर जाल तसतसं पाणी खडबडीत होत जातं, पण वारा पाठीशी असल्याने तो जाणवत नाही. होडी छान पळते, पेट्रोल कमी लागतं, सगळे खूश. चार मैलांवर जाऊन वळा, मग कळेल. आणि इंजिन बंद पडलं, तर हाच गोड वारा तुम्हाला पश्चिमेला घेऊन जाणार. ज्यांची होडी “सकाळी शांत समुद्रात हरवली” म्हणतात, ती अशीच.

दहा-अकरानंतर वारा फिरतो. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो, दोन ते पाच हा त्याचा भर. पाण्यावर पांढरे फेस तुरळक दिसायला लागले, तर वारा आठ-दहा नॉटचा आहे. सगळीकडे दिसायला लागले तर पंधराच्या घरात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दहाचा वीस झाला तर धक्का दुप्पट नाही, चौपट. तुरळक फेस दिसले की तुमच्या होडीने वळायचं. सगळीकडे दिसेपर्यंत थांबलात तर वळायला उशीर झालेला असतो. कारण आता किनारा पूर्वेला आहे, लाट मागून डाव्या बाजूने येते आहे आणि खाच पाच इंच वर आहे.

थंडीत आणखी एक प्रकार असतो. इथे वारा नाही, आकाश निळं, आणि तरी वायव्येकडून लाटांची रांग चाललेली. तिकडे इराणच्या आखाताच्या बाजूला शमाल वारे सुटले की त्यांच्या लाटा दोन-तीन दिवसांत आपल्या किनाऱ्यावर येतात. त्या नुसत्या आकाश बघून कळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये याहून लांबच्या, दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लाटा असतात. केरळात त्यांना कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. पंधरा-सोळा सेकंदांची ती लाट खोल पाण्यात साडेतीनशे मीटर लांब असते. अर्धा मीटर उंच असली तर होडीत बसलेल्याला ती कळतही नाही. कळते ती खाडीच्या मुखाशी.

मुखाबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण बाकी सगळं पुस्तकात मिळेल.

देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते. तिथे ज्याला आता सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात ते वाळूचं बेट तुम्ही पाहिलं असेल. बाहेर मुखाशीही अशीच वाळू असते, फक्त पाण्याखाली, आणि दर पावसाळ्यानंतर ती जागा बदलते. लाट आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीवर आली की फुटते. मीटरभर लाट आणि सव्वा मीटर पाणी असलं की बस. ओहोटीचं पाणी खाडीतून जोरात बाहेर पडत असतं, लाट आत येत असते. दोघांची टक्कर झाली की लाट आखडते, उभी राहते. भरतीला जे मुख झोपेत पार केलंत, तेच सहा तासांनी भिंतींची रांग झालेलं असतं.

१९९६ च्या मार्चमध्ये, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, मी आणि माझा चुलतभाऊ सोळा फुटी लाकडी होडी घेऊन बाहेर होतो. बांगडा चांगला लागला, म्हणून बसलो. साडेचारच्या सुमारास मुखाशी आलो. उधाणाची ओहोटी, शेवटचा तास, वायव्येचा वारा भरात. मी इंजिन कमी केलं, बघू म्हटलं, आणि तोच चुकलो. लाटेच्या पुढे होडी हळू झाली की लाट मागून पकडते. मागचा भाग उचलला गेला, नाळ खाली रुतली, सुकाणूच्या जागी असलेलं इंजिन हवेत फिरलं आणि होडी आडवी झाली. पुढच्या लाटेने भरली. उलटली नाही, पण काठापर्यंत पाण्यात बसली. बांगडे, इंजिन, डबे, सगळं गेलं. आम्ही होडीला धरून राहिलो, आणि देवबागच्या वाळूवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या लोकांनी आम्हाला बघितलं म्हणून हे लिहितो आहे. घरी गेल्यावर वडील ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “भरती लागासर भायर थांबाक काय झाला हुता?” बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून दोन-अडीच तास बसलो असतो, तर चालत आत आलो असतो. ते सुचलंच नाही, कारण अंधार पडेल याची भीती लाटेपेक्षा मोठी वाटली.

म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघायचं. जवळ नसेल तर आमचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. यातून एक गोष्ट लगेच दिसते. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी असते, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. वारा भरात, पाणी सर्वांत उथळ आणि तुम्ही दमून परत येताय. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. त्या दिवसांत दुपारी बाराच्या भरतीला आत यायचं, नाहीतर जायचंच नाही. सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते. नवख्याने ते दिवस निवडावेत.

मुखातून आत यायचंच असेल तर बाहेर थांबून निदान दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटा गटाने येतात, मग जरा उसंत मिळते. त्या उसंतीत एका लाटेच्या पाठीवर राहून, तिला न ओलांडता आणि मागची आपल्याला गाठणार नाही अशा वेगाने आत यायचं. मध्येच वळायचं नाही. आता चौघं आणि दोघं हा फरक कुठे पडतो ते बघा. दोन मीटर पाण्यात लाट ताशी सुमारे १६ किलोमीटरने धावते. तुमची होडी दोघांना घेऊन पाण्यावर उचलली जाते आणि पंचविसाच्या पुढे पळते, म्हणजे लाटेशी वेग जुळवणं तुमच्या हातात असतं. चौघं, बर्फ आणि मासे घेऊन ती उचललीच जाणार नाही. दहा-बारावर रखडेल. म्हणजे प्रत्येक लाट तुम्हाला मागून गाठणार. इंजिन तेच, होडी तीच. फक्त माणसं दोन जास्त.

मग किती मोठी होडी? हा माझा अंदाज आहे, कायदा नाही. चौदा फुटी : तळं, खाडी आणि निवडक सकाळी किनाऱ्यालगत, दोन माणसं. अठरा ते वीस फूट, साडेपाच-सहा फूट रुंद, २० इंची फळी, २५ ते ४० हॉर्सपॉवर : तिघं, चार-पाच मैल, हंगामात. त्याच्या पुढे जायचं तर चोवीस-सव्वीस फूट आणि दोन इंजिनं, किंवा एक मोठं आणि एक लहान. आमचे लोक २६-२८ फुटी फायबर होडीवर ९.९ चं एकच इंजिन लावून रोज जातात, हे खरं. पण ते एकटे नसतात. आजूबाजूला दहा होड्या ओळखीच्या असतात, आणि खडप कुठे आहे ते त्यांना अंधारात माहीत असतं. मालवण बंदराच्या आणि किल्ल्याच्या आसपासचे पाण्याखालचे खडक नकाशावर बघून कळत नाहीत. तुमच्यापैकी एकाने मला आंग्रिया बँकेबद्दल विचारलं होतं. ती म्हणजे समुद्रातला पाण्याखालचा प्रवाळाचा उंचवटा, विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर बाहेर आहे. सोडून द्या.

हवामान बघताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अंदाजात “लाटेची उंची १ मीटर” लिहिलेलं असतं तो सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. दिवसभरात एखादी त्याच्या दुप्पट येणारच. दुसरं, हैदराबादच्या इन्कॉइसने (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) २०२० पासून लहान होड्यांसाठी वेगळी सूचना सुरू केली आहे. ती सात मीटरपर्यंत रुंदीच्या होड्यांसाठी आहे, आणि ती देताना नुसती उंची नाही, तर लाट किती उभी आहे, किती दिशांनी येते आहे आणि वारा किती झपाट्याने वाढतो आहे, हेही धरतात. शास्त्रज्ञांनीही होडीची रुंदी विचारली, लांबी नाही, हे मला फार बरं वाटलं. बंदरात तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागलेला असेल तर पुढचा विचारच करू नका. “नोव्हेंबरात कुठलं वादळ” असं म्हणणाऱ्यांसाठी : फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं. ओखीच्या वेळी, २०१७ च्या डिसेंबरात, केरळ-तमिळनाडूच्या बोटी आसरा घ्यायला देवगड बंदरात आल्या होत्या.

होडीत काय असावं यावर लोक पानंच्या पानं लिहितात. मी चार-पाच गोष्टींवर अडून बसतो. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले, किमान १०० न्यूटनचं. बसायला गादी म्हणून खाली घातलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही, मी प्रयत्न करून बघितला आहे. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा मांडीला. चालवणारा पडला आणि होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर आली, असं होतं. नांगर नाळेलाच बांधायचा. मागे बांधला की लाटेला ती पाच इंचांची खाच आयती मिळते. दोर खोलीच्या निदान पाचपट. वीस मीटर पाण्यात शंभर मीटर दोर, आणि नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी. उजनीवरचा तुमचा तीस मीटरचा दोर बाहेर तळालाही नीट बसणार नाही. इंजिन बंद पडलं तर नांगर हाच तुमचा ब्रेक. मतलई वाऱ्यात वल्ही मारून चौदा फुटी होडी किनाऱ्याला आणणं तरण्या माणसांनाही जमत नाही.

आणखी एक, जे कोणी करत नाही. स्वस्तात बांधलेल्या फायबरच्या होड्यांच्या पोकळीत फोम नसतो, आणि फायबर स्वतः बुडतं. बाकांखाली, दोन्ही कडांना, घट्ट झाकणाचे ३५ लिटरचे चार प्लास्टिकचे ड्रम पट्ट्यांनी आवळून बांधा. तेवढ्याने १४० किलोचा उचल मिळतो. भरलेली होडी इंजिनासकट तरंगत राहते, आणि तुम्हाला धरायला काहीतरी उरतं. तळाशी नाही, कडांना. तळाशी बांधलेत तर होडी पालथी व्हायला मदतच होईल. खर्च होडीच्या रंगापेक्षा कमी.

होडी उलटलीच, तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नका. किनारा दिसतो म्हणून तो जवळ वाटतो. होडीत बसलेल्या माणसाचं क्षितिज साडेतीन किलोमीटरवर असतं, पाण्यात डोकं असलेल्याचं दीडेक किलोमीटरवर. माड आणि डोंगर उंच असल्याने त्याहून लांबून दिसतात, वाळू दिसत नाही. वाळू दिसत नसेल तर पोहायचं अंतर नाही, एवढं समजा. शोधायला येणाऱ्यालाही पालथी होडी दिसते, डोकं दिसत नाही. मोबाईल पाणी न जाणाऱ्या पिशवीत गळ्यात, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ त्यात आधीच साठवलेले. चार मैलांपलीकडे रेंजवर विसंबू नका. हातातला व्हीएचएफ रेडिओ असेल, तर १६ नंबरचा चॅनल. आणि किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जा : कुठे, किती जण, किती वाजता परत, आणि त्या वेळेनंतर अर्ध्या तासाने त्याने काय करायचं. आमच्याकडे हे काम चहाच्या टपरीवालाही करतो, आणि नेमाने करतो.

पेट्रोलचे तीन भाग. एक जायला, एक यायला, एक वाऱ्याला. नोंदणी आणि परवान्याचं मत्स्यव्यवसाय विभाग आणि मेरीटाईम बोर्डाकडे आधी विचारून या. उजनीवर चाललं म्हणून बंदरावर चालेल असं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, पण त्या दिवसांत तुम्ही येणार नाहीच असं धरतो.

तर डिसेंबरचं असं करा. होडी जरूर आणा, आणि कर्ली खाडीतच ठेवा. तांबोशी, गोबरे, शिंगाळे, चार दिवस पुरतील एवढी खाडी आहे, आणि चौदा फुटी होडी तिथे राजा आहे. तरीही चौघं एकदम नका बसू, दोन-दोन करून जा. सुरमईसाठी दोन दिवस इथली मोठी होडी तांडेलासकट, म्हणजे ती हाकणाऱ्या प्रमुखासकट, भाड्याने घ्या. तो मुखाशी कुठे थांबतो, कशाकडे बघतो, किती वेळ बघतो, तेवढं शिकून घ्या. ते सुरमईपेक्षा महाग आहे.

त्याआधी एक काम. येत्या रविवारी उजनीवर होडी काठाला बांधा. चौघं बसा, खोका बर्फाने भरा, टाकी भरा, नेहमी जसे बसता तसेच बसा. मग एकाने पाण्यात उतरून इंजिनाच्या खाचेपासून पाण्यापर्यंत पट्टी लावावी. नंतर दोघांनी उतरावं आणि पुन्हा मोजावं. दोन्ही आकडे मला पाठवा. दहा इंचांच्या खाली असेल, तर मालवणचं राहू द्या, उजनीवरही चौघं जाऊ नका.